टिनी वापरून बघितलं: कंटेनरला सिगटर्म पोचतो, पुढची आवराआवर मात्र आपलीच

डॉकर म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं टूल. त्यात डॉकर स्टॉप मारला की कंटेनर दहा सेकंद ढिम्म बसून राहतो आणि मग धाडकन मरतो, हे ज्यांनी बघितलंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. बरेच जण म्हणतात की अरे डॉकर असाच स्लो असतो, पण तसं काही नसतं. ते दहा सेकंद म्हणजे डॉकरने तुमच्या प्रोग्रामला सिगटर्म, म्हणजे ‘आता बंद हो’ असा सिग्नल, पाठवलाय, प्रोग्रामने तो ऐकलाच नाही, डॉकरने डिफॉल्ट मुदत संपेपर्यंत वाट बघितली आणि शेवटी सिगकिल, म्हणजे थेट मारून टाकणारा सिग्नल, पाठवला. म्हणजे दर डिप्लॉयला (नवीन व्हर्जन चढवताना) आपण आपल्याच सर्व्हिसचा गळा दाबतोय आणि कुणाला पत्ता नाही. यावर उपाय म्हणून सगळीकडे एकच नाव पुढे येतं, टिनी. मी ते आमच्या पायथनच्या आणि नोडच्या सर्व्हिसेसना लावून वापरतोय आणि माझं मत सांगायचं तर प्रॉडक्ट उत्तम आहे, पण लोक ज्या अपेक्षेने ते लावतात ती अपेक्षा चुकीची आहे, आणि त्या अपेक्षेने लावलं तर कधीकधी आधीपेक्षा नुकसान जास्त होतं. कसं ते खाली सविस्तर लिहितो.

आधी ओळख. टिनी हा सी मध्ये लिहिलेला पिटुकला प्रोग्राम आहे, थॉमस ओरोझ्को यांनी लिहिलेला, एमआयटी लायसन्स, फुकट. साधी बायनरी दहा केबीच्या आसपास, सगळं आत बांधलेली स्टॅटिक बायनरी घेतली तरी एक एमबीच्या आत. काम दोनच. एक, आपण त्याला जी कमांड देतो ती चालू करायची आणि बाहेरून आलेले सिग्नल तिला पोचवायचे. दोन, अनाथ झालेल्या झॉम्बी प्रोसेस, म्हणजे मेल्यावरही टेबलात नोंद उरलेल्या, गोळा करायच्या. जानेवारी २०१७ मध्ये डॉकर १.१३ आला तेव्हापासून हे डॉकरच्या आतच मिळतं, ‘डॉकर रन --इनिट’ म्हटलं की आत पीआयडी १ (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, १ म्हणजे पहिली प्रोसेस) म्हणून ‘डॉकर-इनिट’ दिसतो, तो टिनीच. कंपोजमध्ये (कंटेनरची सेटिंग एका फाइलमध्ये लिहून चालवायचं डॉकरचं टूल) ‘इनिट: ट्रू’ एवढी एक ओळ पुरते. अल्पाइन आणि डेबियन दोन्हीच्या रेपोमध्ये पॅकेज आहे त्यामुळे डॉकरफाइलमध्ये (कंटेनरची इमेज, म्हणजे साचा, बनवायच्या सूचनांची फाइल) टाकायलाही काही त्रास नाही.

आता हा प्रॉब्लेम मुळात येतोच का, हे कळल्याशिवाय टिनी नेमकं काय करतो ते कळणार नाही, म्हणून जरा थांबतो इथे. लिनक्समध्ये प्रत्येक सिग्नलची एक डिफॉल्ट कृती ठरलेली असते, सिगटर्मची डिफॉल्ट कृती म्हणजे मरणे. तुम्ही हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, लिहिला असेल तर तो चालतो, नसेल लिहिला तर कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोसेसला मारतो. पण पीआयडी १ ला वेगळा नियम आहे. ज्या सिग्नलसाठी पीआयडी १ ने स्वतः हँडलर लावलाय तेवढेच सिग्नल त्याच्यापर्यंत जातात, बाकीच्यांची डिफॉल्ट कृती त्याला लागूच होत नाही. कारण साधं आहे, खऱ्या मशीनवर पीआयडी १ म्हणजे इनिट, तो चुकून मेला तर अख्खी सिस्टिम बसली, म्हणून कर्नलने त्याला संरक्षण दिलंय. आणि कंटेनरला स्वतःचं पीआयडी नेमस्पेस (प्रोसेस नंबरांची स्वतंत्र यादी) असल्यामुळे तुमचं बिचारं पायथन ॲप तिथे पीआयडी १ होऊन बसतं आणि न मागता त्याला हे संरक्षण मिळतं. खरं वाटत नसेल तर कंटेनरच्या आत शिरून ‘किल -९ १’ मारून बघा. काहीही होत नाही. सिगकिलसुद्धा आतून पीआयडी १ ला लागत नाही, बाहेरून होस्टवरून मारला तरच लागतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कंटेनरमध्ये ‘/प्रॉक/१/स्टेटस’ ही फाइल उघडा. त्यात सिगबीएलके, सिगआयजीएन आणि सिगसीजीटी अशा तीन ओळी असतात, म्हणजे कुठले सिग्नल अडवलेत, कुठल्यांकडे दुर्लक्ष आहे, आणि कुठल्यांना हँडलर लावलाय. साध्या पायथन स्क्रिप्टसाठी सिगसीजीटीच्या आकड्याच्या शेवटी २ दिसतो. हा हेक्समधला (१६ च्या पायातला) मास्क आहे, त्यात प्रत्येक बिट म्हणजे एक सिग्नल, २ म्हणजे दुसरा बिट, म्हणजे सिग्नल नंबर २, म्हणजे सिगइंट, आपला कंट्रोल सी. पायथन स्वतःहून तेवढाच एक हँडलर लावतो. सिगटर्मचा नंबर १५, त्याचा बिट लागला असता तर आकड्यात ४००० मिसळलेलं दिसलं असतं, ते नाहीये. म्हणूनच पायथनचा कंटेनर कंट्रोल सी ने मरतो पण डॉकर स्टॉपने दहा सेकंद मरत नाही. नोडचं अजून वाईट, तो पीआयडी १ असेल आणि तुम्ही हँडलर लिहिला नसेल तर कंट्रोल सी सुद्धा ऐकत नाही, टर्मिनल बंद करून दुसरीकडून किल करावं लागतं. जावावाल्यांना आणि गो वाल्यांना हा त्रास सहसा होत नाही कारण त्यांचे रनटाइम स्वतःहून सिगटर्म पकडतात.

आता टिनी लावलं की काय होतं? टिनी स्वतः पीआयडी १ होतो आणि तुमचं ॲप त्याचं पोर, पीआयडी ७ वगैरे काहीतरी. ॲपच्या स्टेटसमध्ये तीच ओळ बघा, सिगसीजीटी अजूनही शेवटी २ च आहे. काहीही बदललेलं नाही! पण आता ते पीआयडी १ नसल्यामुळे डिफॉल्ट कृती परत लागू झाली, म्हणून सिगटर्म आला की ॲप जागच्या जागी मरतं. एक्झिट कोड आधी १३७ यायचा, म्हणजे १२८ अधिक ९, सिगकिलने मेला. आता १४३ येतो, म्हणजे १२८ अधिक १५, सिगटर्मने मेला. दहा सेकंदांचं काम क्षणात झालं.

आणि इथेच लोक खूश होऊन थांबतात, जे मला अजिबात पटत नाही. १४३ म्हणजे तुमचं ॲप नीट बंद झालं असं नाही हो! ते मेलंच, फक्त लवकर मेलं. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन अर्धं, फाइल अर्धी लिहिलेली, रांगेतून उचललेला जॉब अधांतरी, हे सगळं जसंच्या तसं. उलट विचार करा, आधी सिगटर्म ऐकूच येत नव्हता तेव्हा ॲप पुढचे दहा सेकंद काम करत राहायचं, त्यामुळे चालू असलेल्या बऱ्याचशा रिक्वेस्ट आपोआप पूर्ण व्हायच्या, दहा सेकंदांत न संपणाऱ्याच तेवढ्या तुटायच्या. हँडलर न लिहिता टिनी लावलं की आता सगळ्याच तुटतात, त्याच क्षणी. एका टीममध्ये हे असंच झालेलं मी बघितलंय, डिप्लॉय फास्ट झालं म्हणून टाळ्या पडल्या आणि नंतर दर डिप्लॉयच्या वेळी ५०२ चे (मागची सर्व्हिस उत्तर देत नाही असे) एरर वाढलेले दिसले, आणि ग्राफवर ते दोन एकत्र ठेवून बघेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. दोष टिनीचा नव्हताच. टिनी सिग्नल पोचवतो, तो ऐकून काय करायचं हे ठरवायचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचं आहे, आणि हे वाक्य टिनीच्या माहितीपत्रकात अगदी वर ठळक अक्षरात असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

तर मग हँडलर लिहा. यात दोन गोष्टी कायम चुकतात म्हणून जरा खोलात जातो.

पहिली, हँडलरच्या आत कामं करत बसू नका. सी मध्ये तर हे जीवघेणं आहे. सिग्नल कुठल्याही क्षणी येतो, तुमचा प्रोग्राम मॅलॉकच्या (मेमरी मागायच्या फंक्शनच्या) आत मध्यावर असेल, हीपचं (त्या मेमरीच्या साठ्याचं) लॉक हातात धरून, आणि त्याच थ्रेडवर हँडलर चालू झाला आणि त्याने परत मॅलॉक मागितला की खेळ खल्लास, स्वतःच्याच लॉकची वाट बघत कायमचं अडकलं. प्रिंटएफ पण तसंच, आत बफर आणि लॉक असतं. हँडलरमधून कुठली फंक्शन्स चालतात त्याची ठरलेली यादी आहे, लिनक्सच्या मॅन पेजमध्ये ‘सिग्नल-सेफ्टी’ नावाने मिळते, राइट चालतं, प्रिंटएफ चालत नाही. म्हणून हँडलरने एक झेंडा वर करायचा, ‘व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी’ चा व्हेरिएबल एक करायचा आणि परत यायचं, बाकीची आवराआवर मुख्य लूपने तो झेंडा बघून करायची. मुख्य लूप पोल किंवा ईपोल मध्ये (काहीतरी घडायची वाट बघणाऱ्या कॉलमध्ये) झोपलेला असतो आणि झेंडा तपासणं आणि झोपणं याच्या बरोबर मध्ये सिग्नल आला तर तो झोपूनच राहील, त्यासाठी जुनी युक्ती म्हणजे स्वतःलाच एक पाइप काढायचा, हँडलरने त्यात एक बाइट टाकायचा आणि पोलने त्या पाइपवर पण लक्ष ठेवायचं. लिनक्सवर सिग्नलएफडी आहे, २.६.२२ पासून, त्यात सिग्नल सरळ फाइलसारखा वाचता येतो, मला तोच सगळ्यात आवडतो.

पायथनमध्ये लोकांना वाटतं की आपल्याला हे लागू नाही. अंशतः खरंय, पायथनचा हँडलर खऱ्या सिग्नलच्या क्षणी चालत नाही, आत फक्त नोंद होते आणि मग मुख्य थ्रेडमध्ये दोन बाइटकोडच्या (पायथनच्या आतल्या बारीक सूचनांच्या) मध्ये तुमचं फंक्शन चालवलं जातं. त्यामुळे मॅलॉकवाला प्रकार होत नाही. पण प्रिंट करताना मध्येच सिग्नल आला आणि हँडलरमध्ये पण प्रिंट असेल तर ‘रीएंट्रंट कॉल’ म्हणून रनटाइम एरर येतो, आणि तो रोज येत नाही, लोड असतानाच येतो, म्हणजे नेमका नको तेव्हा. अजून एक, मुख्य थ्रेड एखाद्या सी लायब्ररीच्या लांबलचक हिशोबात अडकला असेल तर तो संपेपर्यंत तुमचा हँडलर चालणारच नाही. म्हणून पायथनमध्येही तोच नियम पाळा, हँडलरमध्ये फक्त झेंडा. नंतर मुख्य लूपने नवीन काम उचलणं थांबवायचं, हातातलं पूर्ण करायचं, कनेक्शन बंद करायची, आणि शून्य कोड देऊन बाहेर पडायचं.

दुसरी गोष्ट जी चुकते ती म्हणजे वेळेचं गणित. डॉकर दहा सेकंद देतो, कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणारी सिस्टिम) डिफॉल्टने तीस देतो. तुमचा जॉब चाळीस सेकंदांचा असेल तर हँडलर कितीही सुंदर लिहा, सिगकिल येणारच आणि सिगकिल पकडता येत नाही. मुदत वाढवा, कंपोजमध्ये ‘स्टॉप_ग्रेस_पीरियड’ आहे, डॉकर स्टॉपला ‘-टी’ आहे, किंवा जॉबचे तुकडे करा. नोडवाल्यांनी अजून एक बघा, ‘सर्व्हर.क्लोज’ म्हटलं तरी कीप-अलाइव्हवाली (पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडी ठेवलेली) रिकामी कनेक्शन उघडी असतील तर जुन्या व्हर्जनमध्ये ते बंद व्हायला खूप वेळ लावतं, १८.२ पासून रिकामी कनेक्शन बंद करायचं वेगळं फंक्शन दिलंय ते वापरा.

परत टिनीकडे येतो. झॉम्बीचं काम ते किती नीट करतं हे सांगायला हवं, कारण त्याबद्दल कुणी फार बोलत नाही. प्रोसेस मेली की तिचा निकाल आईबापाने वेटने वाचेपर्यंत तिची नोंद टेबलात राहते, तोच झॉम्बी. आईबाप आधीच मेले तर ते पोर पीआयडी १ च्या गळ्यात येतं, आणि पीआयडी १ तुमचं ॲप असेल तर त्याला या अनोळखी पोरांचं काय करायचं हे माहीतच नसतं. आमच्याकडे पीडीएफ बनवायची एक सर्व्हिस आहे, ती मागच्या बाजूला हेडलेस ब्राउझर उघडते, ब्राउझर स्वतःच्या अजून प्रोसेस काढतो आणि टाइमआउट झाला की आपण वरच्या ब्राउझरला मारतो, खालच्या अनाथ होतात. पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारला की डिफंक्ट, डिफंक्ट, डिफंक्ट (म्हणजे झॉम्बी) अशी रांगच्या रांग. मेमरी खात नाहीत, पण कंटेनरच्या प्रोसेस मर्यादेत मोजल्या जातात, आणि मर्यादा भरली की नवीन फोर्क (नवी प्रोसेस काढणं) होत नाही, ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’. टिनी लावल्यावर ती रांग गेली ती गेलीच. ‘-डब्ल्यू’ हा फ्लॅग दिला तर प्रत्येक गोळा केलेल्या प्रोसेसची लॉगमध्ये सूचना येते, त्यावरून नेमकं कोण पोरं टाकून जातंय ते शोधता येतं, हा फ्लॅग मला फार उपयोगी वाटला.

याचा सोर्स कोड खरंच वाचा. एकच मुख्य फाइल आहे, चहा संपेपर्यंत वाचून होते, आणि सिग्नल कसे हाताळायचे याचा इतका चांगला नमुना मला दुसरीकडे मिळाला नाही. टिनी हँडलर लावतच नाही! सुरुवातीला जवळपास सगळे सिग्नल ब्लॉक करतो, फक्त सेगमेंटेशन फॉल्टसारखे स्वतःच्या बिघाडाचे वगैरे मोजके सोडून, आणि मग लूपमध्ये ‘सिगटाइम्डवेट’ ने एकेक सिग्नल शांतपणे उचलतो. म्हणजे वर जो मॅलॉकचा घोळ सांगितला तो होण्याची सोयच ठेवलेली नाही. सिगचाइल्ड (पोर मेलं की येणारा सिग्नल) आला तर तो पुढे पाठवत नाही, बाकी कुठलाही आला तर पोराला पाठवतो. मग झॉम्बी गोळा करताना एकदाच वेटपिड न करता, शिल्लक कुणी नाही असं उत्तर येईपर्यंत फिरत राहतो. हे महत्त्वाचं का तर साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत, एकाच वेळी तीन पोरं मेली तर सिगचाइल्ड एकच येऊ शकतो, आणि एका सिग्नलला एकच पोर उचललं तर उरलेली दोन झॉम्बी राहतात. स्वतःचा प्रोसेस मॅनेजर लिहिणाऱ्यांच्या कोडमध्ये ही चूक कायम दिसते. आणखी एक नाजूक जागा म्हणजे ब्लॉक केलेला मास्क एक्झेकनंतरही (प्रोसेसने स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम सुरू केल्यावरही) पोराकडे तसाच वारशाने जातो, म्हणून टिनी पोर सुरू करायच्या आधी मास्क आठवणीने पूर्ववत करतो. हे राहिलं असतं तर तुमचं ॲप जन्मतःच बहिरं झालं असतं.

आता तक्रारीची जागा. खरं तर ही टिनीची तक्रार नाही, आपल्या सगळ्यांच्या ‘स्टार्ट.एसएच’ची आहे. बहुतेक इमेजमध्ये एक शेल स्क्रिप्ट असते, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवते, एन्व्हायर्नमेंट सेट करते आणि शेवटच्या ओळीत ॲप सुरू करते. तुम्ही टिनीला ही स्क्रिप्ट दिलीत तर टिनीचं पोर कोण? शेल. ॲप हे नातवंड. सिगटर्म येतो, टिनी तो शेलला देतो, शेलला हँडलर नाही म्हणून शेल लगेच मरतो, टिनी बघतो की आपलं पोर गेलं, तोही बाहेर पडतो, आणि पीआयडी १ गेल्यावर कर्नल त्या नेमस्पेसमधल्या सगळ्यांना सिगकिल मारतो. म्हणजे ॲपमध्ये तुम्ही लिहिलेला सुंदर हँडलर कधी चाललाच नाही! आणि बाहेर कोड दिसतो १४३, म्हणजे वरवर बघितलं तर सगळं व्यवस्थित. हा प्रकार शोधायला फार अवघड जातो कारण कुठे एरर नाही, काही नाही, नुसता लॉगमध्ये ‘बंद होतोय’ असा शेवटचा मेसेज येत नाही.

यावर लोक ‘-जी’ सुचवतात, त्याने सिग्नल एकट्या पोराला न जाता अख्ख्या प्रोसेस ग्रुपला जातो. ऐकायला बरोबर वाटतं, पण पुरेसं नाही. शेल आणि ॲप दोघांनाही सिगटर्म मिळतो, ॲप आवराआवर सुरू करतं, शेल मात्र त्याच क्षणी मेलेला असतो, टिनी शेलच्या मागोमाग जातो आणि आवराआवर अर्धी असतानाच वरून सिगकिल. टिनी नातवंडांसाठी थांबत नाही. खरा उपाय एकच, स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ॲपच्या आधी ‘एक्झेक’ लिहा. त्याने शेल स्वतःच ॲप होतो, मधला माणूस गेला, पीआयडी तोच. डॉकरफाइलमध्ये एंट्रीपॉइंट (सुरुवातीला चालवायची कमांड) पण चौकटी कंसातला एक्झेक फॉर्म लिहा, साध्या ओळीत लिहिलं की डॉकर तो शेलमधून चालवतो. काही शेल एकच कमांड असेल तर स्वतःहून एक्झेक करतात, काही करत नाहीत, त्या भरवशावर राहू नका. आणि काही कारणाने शेल ठेवायचाच असेल तर ट्रॅप (शेलमधला हँडलर) लावा, पण मग ॲप बॅकग्राउंडला टाकून वेट करा, कारण बॅश समोर चालू असलेली कमांड संपेपर्यंत ट्रॅप चालवत नाही, म्हणजे परत पहिले पाढे पंचावन्न.

सिगटर्म सोडून बाकी सिग्नलचंही बघा. इंजिनएक्स या वेब सर्व्हरला सिगटर्म म्हणजे झटपट बंद आणि सिगक्विट म्हणजे चालू रिक्वेस्ट संपवून बंद, म्हणून त्यांच्या ऑफिशियल इमेजमध्ये स्टॉपसिग्नल (डॉकर स्टॉपने पाठवायचा सिग्नल) सिगक्विट ठेवलाय. पोस्टग्रेस या डेटाबेसला सिगटर्म म्हणजे सगळे क्लायंट स्वतःहून जाईपर्यंत वाट बघणे, त्यामुळे तिथे सिगइंट ठेवलाय, तो चालू ट्रान्झॅक्शन रद्द करून नीट बंद होतो. अपाची हा वेब सर्व्हर तर सिगविंचवर हळुवार बंद होतो, जो सिग्नल खरा टर्मिनलच्या विंडोचा आकार बदलला की येतो, म्हणून अपाची समोर चालू ठेवून विंडो ओढली तर सर्व्हर बंद पडू शकतो. टिनी यातला कुठलाही सिग्नल जसाच्या तसा पुढे देतो त्यामुळे अडचण नाही. पण इंजिनएक्सच्या इमेजवर आधारून स्वतःचं ॲप बांधत असाल तर स्टॉपसिग्नल वारशाने येतो हे विसरू नका, तुम्ही सिगटर्मची वाट बघत बसाल आणि येईल सिगक्विट.

जावावाल्यांसाठी ‘-ई १४३’ ची सोय छान आहे. जेव्हीएम (जावा चालवणारा रनटाइम) शटडाउन हुक (बंद होताना चालायची फंक्शन्स) सगळे नीट चालवून झाल्यावरही १४३ नेच बाहेर पडतो, आणि मॉनिटरिंगवाले दर डिप्लॉयला फेल्युअर म्हणून अलर्ट पाठवतात. हा फ्लॅग १४३ ला शून्य करतो. जावासाठीच वापरा मात्र, पायथनला लावलात तर वर सांगितलेलं अर्धवट मरणं सुद्धा शून्य म्हणून लपेल आणि तुम्हाला कधीच कळणार नाही.

कुबरनेटीसवर --इनिट सारखा फ्लॅग नाहीये, त्यामुळे तिथे जाणार असाल तर टिनी इमेजमध्येच टाका. इमेजमध्ये टाकलंय आणि वरून लोकलला --इनिट पण दिलं, किंवा पॉडमध्ये (कुबरनेटीसमधला एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) प्रोसेस नेमस्पेस शेअर केलं, की टिनी कुरकुर करतो की मी पीआयडी १ नाही आणि सबरीपरही (पीआयडी १ नसतानाही अनाथ पोरं घेणारी प्रोसेस) नाही, झॉम्बी गोळा होणार नाहीत. घाबरू नका, सिग्नल पुढे देणं तेव्हाही चालूच असतं, ‘-एस’ दिलं की तो सबरीपर म्हणून नोंद करतो आणि कुरकुर थांबते. शेअर केलेल्या नेमस्पेसमध्ये पॉझ कंटेनर (पॉडचा आधार म्हणून चालणारा छोटा कंटेनर) पीआयडी १ असतो आणि झॉम्बी तोही उचलतो. कुबरनेटीसची अजून एक गंमत म्हणजे पॉडला सिगटर्म जाणं आणि त्याचं नाव ट्रॅफिकच्या यादीतून निघणं ह्या दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, त्यामुळे सिगटर्म आल्यावरही थोडा वेळ नवीन रिक्वेस्ट येत राहतात, आणि तुम्ही दार लगेच लावलंत तर त्या आपटतात. म्हणून प्रीस्टॉप हुकमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या कृतीत) काही सेकंदांचा स्लीप ठेवतात. जुगाड वाटतो पण सगळेच ठेवतात, मीही ठेवतो.

पर्याय विचाराल तर येल्पचा डंब-इनिट आहे, तोही सी मध्येच, तोही छोटा. तो मुळातच अख्ख्या ग्रुपला सिग्नल देतो आणि त्याला एक गोष्ट येते जी टिनीला येत नाही, सिग्नल बदलून देणं, म्हणजे १५ आला तर ३ म्हणून पुढे पाठव असं सांगता येतं. स्टॉपसिग्नल बदलायची सोय नसलेल्या ठिकाणी हे लाखमोलाचं आहे. पॉडमन (डॉकरला पर्याय असलेलं टूल) वापरणारे --इनिटसाठी कॅटाटोनिट वापरतात, तुम्हाला वेगळं काही करायला लागत नाही. एकाच कंटेनरमध्ये तीनचार सर्व्हिसेस सांभाळायच्या असतील तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, एस६-ओव्हरले बघा, शिकायला वेळ जाईल पण ते त्याच कामासाठी आहे.

ज्यांचा गो चा एकच प्रोग्राम आहे, सिगटर्म नीट पकडतो आणि दुसऱ्या प्रोसेस काढत नाही, त्यांनी टिनी नाही लावलं तरी चालतं. बाकी पायथन, नोड, रुबी, आणि मागे कुठलंही बाहेरचं टूल चालवणारी कुठलीही सर्व्हिस, हँडलर लिहिलेला असेल तर डोळे झाकून लावा. सेकंदाला एकदा उठून झॉम्बी आहेत का बघतो तेवढाच त्याचा खर्च, टॉपमध्ये शून्यच दिसतो. नवीन रिलीज क्वचित येतं, ०.१९.० हे २०२० सालचं, त्याची काहींना काळजी वाटते, मला वाटत नाही, एवढ्याशा कामाला अजून घालणार काय.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो माहितीपत्रकासाठी, हँडलर आणि एक्झेकबद्दल तिथे ठणकावून सांगायला हवं. लावून झाल्यावर एक टेस्ट न चुकता करा: कंटेनर चालू करा, एक मुद्दाम पाच सेकंद लागणारी रिक्वेस्ट सोडा, ती चालू असतानाच डॉकर स्टॉप मारा. रिक्वेस्टला उत्तर पूर्ण आलं पाहिजे, लॉगमध्ये तुमच्या हँडलरनंतरचा शेवटचा मेसेज दिसला पाहिजे आणि डॉकर इन्स्पेक्टमध्ये एक्झिट कोड शून्य. १३७ आला तर सिग्नल पोचला नाही किंवा मुदत पुरली नाही. १४३ आला तर आधी स्टार्ट.एसएच उघडा.